गर्दी सोयीने जमते

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. रविवारच्या सामन्याला मांडलेल्या खुर्च्या निम्म्याही भरल्या नाहीत, म्हणून तू लिहितेस, "सर, आपल्याकडे मुलींचा फुटबॉल कुणाला नकोच आहे." हे पुन्हा लिहू नकोस. एक तर ते खरं नाही. आणि एकदा मनात बसलं की पुढच्या वेळी माणूस खुर्च्याच मांडत नाही.

मला आधी सांग, सामना किती वाजता होता? दुपारी साडेबाराला. ऑक्टोबरात. सकाळ आणि संध्याकाळ टेनिस क्रिकेटवाल्यांची, मधली उरलेली वेळ तुमची. रविवारी साडेबाराला कोकणातली बाई असते कुठे? मटणाच्या टोपापाशी, नाहीतर वडे तळत. पुरुष मटणाची वाट बघत. आणि तू त्यांना ऊन्ह खायला मैदानावर बोलावलंस!

मन नाही म्हणून लोक येत नाहीत, असं फार कमी वेळा होतं. वेळ, जागा आणि परतीची गाडी, यात सगळं अडतं. हे मी हवेत बोलत नाही. डिसेंबर १९२० मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या डिक-कर कारखान्यातल्या बायकांचा संघ सेंट हेलेन्सच्या बायकांशी खेळला. आत ५३ हजारांच्या आसपास माणूस होतं, आणि जागा नाही म्हणून हजारो दारातून परत गेले. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला लागलेल्या या पोरी. सुट्टीच्या वेळात बॉल मारता मारता त्यांचा संघ झाला, आणि तिकिटाचा पैसा धर्मादायाला जाऊ लागला. नाताळच्या दुसऱ्या दिवसाची सुट्टी, शहरातलं सगळ्यांच्या ओळखीचं मैदान, खेळ चांगला. माणूस येणारच.

पुढे काय झालं बघ. ५ डिसेंबर १९२१ ला तिथल्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना फर्मावलं, बायकांच्या सामन्यांना मैदानं देऊ नका. म्हणे हा खेळ बायकांना मानवत नाही. खेळू नका असं कुणी म्हटलं नाही हो, फक्त मैदान काढून घेतलं. तेवढं पुरलं. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली, आणि मग त्याच लोकांची नातवंडं सांगू लागली की बायकांचा फुटबॉल बघायला येतंय कोण.

म्हणून तुझं पहिलं काम पोस्टर नाही, मैदानाची वेळ. क्रिकेटवाल्यांशी भांडू नकोस, त्यांच्याच मंडळातल्या एखाद्या मोठ्या माणसाला घरी जाऊन भेट आणि महिन्यातून एकच रविवार मागून घे, पण संध्याकाळी चारचा. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन हाफ, मध्ये चहा, साडेपाचच्या आत सगळं आटपतं. वाडीवरच्या बायकांना वस्तीची गाडी मिळाली पाहिजे. ती चुकणार असं दिसलं की त्या मध्यंतरालाच उठतात, आणि आपण म्हणतो यांना खेळात रस नाही. आणि बाय, संडासाचं बघ. मैदानाशेजारच्या शाळेची किल्ली शिपायाकडून आदल्या दिवशी घेऊन ठेव. ही गोष्ट कुठल्याच पुरुष आयोजकाला सुचत नाही, सुचली तरी लाजतो.

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या बायकांच्या संघाने २०२४ मध्ये स्वतःसाठीच स्टेडियम बांधलं, साडेअकरा हजार जागांचं. व्यावसायिक महिला संघासाठीच बांधलेलं ते जगातलं पहिलं. दुसऱ्याच्या मोठ्या मैदानात थोडी माणसं बसवण्यात काही अर्थ नाही. तारखा आपल्या, वेळ आपली, आणि स्टेडियम भरलेलं. तूही जिल्ह्याच्या ठिकाणचं मोठं मैदान मागू नकोस. आपलं शाळेमागचं बरं, एका बाजूला चिऱ्यांचा बांध आहे ते. बांधावर साठ माणसं बसली तरी मैदान भरल्यासारखं दिसतं आणि ओरडलेलं पोरींना ऐकू जातं.

तारखा धरताना पंचांग बघ, आणि भाताचंही बघ. लावणीत कुणी येणार नाही, कापणीत येणार नाही, गणपतीत तर विचारूच नकोस. जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार, दुसऱ्या दिवशी अर्धं गाव झोपलेलं. पण मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, त्यांची पोरं कंटाळलेली असतात आणि संध्याकाळी करायला काही नसतं. आंब्याच्या पेट्या भरण्याचा जोर ओसरला की महिनाअखेरीचा रविवार धर, पाऊस यायच्या आत.

आता खेळाबद्दल. तुझ्या पोस्टरवर काय होतं? "आपल्या लेकींना पाठिंबा द्या." हे वाचून माणूस एकदा येतो, नारळ फोडल्यासारखं करतो आणि निघतो. तिथे लिही कोण कुणाशी खेळतंय, मागच्या वेळी कोण हरलं आणि यंदा कुणाचं उट्टं काढायचंय. कबड्डीला आपली माणसं येतात ती पाठिंबा द्यायला येतात का? खुन्नस बघायला येतात.

मागच्या वर्षी बंदरावरून मासळीची टोपली रिकामी करून घरी निघालेली एक बाई बांधाशी थांबली होती, आठवतंय? टोपली काखेत तशीच. कोण जिंकतंय ते तिने विचारलंच नाही. विचारलं, "ह्या सात नंबराचा चेडू कोणाचा गो?" कुणीतरी वाडी सांगितली, आईचं माहेर सांगितलं. लांबचं नातं निघालं. मग तिने टोपली पालथी घातली, वर बसली, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत सात नंबरच्या पायात बॉल आला की "हाण गो बाय, हाण!" ऑफसाइड तिला कळत नव्हतं. पंचांनी झेंडा वर केला की ती पंचांना शिव्या देत होती. जगातले निम्मे प्रेक्षक हेच करतात.

म्हणून माइकवर कुणीतरी हवं. क्रिकेटच्या स्पर्धांना कॉमेंट्री करणारा तो पोरगा आहे ना, त्याला बोलाव. खेळाडूंची यादी, वाडी, शाळा, कुणाचा डावा पाय चालतो, सगळं आदल्या दिवशी त्याच्या हातात दे. एवढं मात्र बजाव की "मुली असूनही बघा किती पळतायत" असलं एक वाक्य आलं की माइक परत घेणार. आणि कंपाउंडवर बसून मोबाइलवर नको ते व्हिडिओ काढणारी टोळी असते, तिच्यासमोर पोलीस उभा करू नकोस. तिथे काकवांच्या खुर्च्या मांड. टोळी आपोआप पांगते.

तिकीट लाव. दहा रुपये, पोरांना फुकट. तू म्हणशील २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगला मुंबईत बायकांना फुकट सोडलं होतं. खरं आहे, पण ते क्रिकेट होतं, तिथे आत काय आहे हे सांगावं लागत नव्हतं. आपल्याकडे दहा रुपये दिलेला माणूस वसूल करायला शेवटपर्यंत बसतो.

आता त्या आकड्याबद्दल, जो तू मला वारंवार पाठवतेस. २२ एप्रिल २०२२, बायकांचा सामना, बार्सिलोना विरुद्ध वोल्फ्सबुर्ग, कॅम्प नोउ मैदान, ९१,६४८ प्रेक्षक. छान आहे, भिंतीवर लाव. पण हेही लक्षात ठेव की तोच संघ एरवीचे बहुतेक सामने योहान क्रायफ स्टेडियममध्ये खेळत आला, सुमारे सहा हजार जागांच्या. नेहमीची हजेरी आधी त्या लहान मैदानावर लागत होती. उलटं उदाहरण अमेरिकेचं. १९९९ च्या बायकांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला रोझ बाउलमध्ये ९०,१८५ माणूस होतं. त्या जोरावर २००१ मध्ये व्यावसायिक लीग निघाली आणि २००३ मध्ये बंद पडली. दुसरी २००९ मध्ये निघाली, तीही २०१२ मध्ये आटोपली. २०१३ पासूनची तिसरी टिकली आहे. दर चार वर्षांनी झेंडा घेऊन येणारा आणि दर शनिवारी येणारा, ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि पोर्टलंडसारख्या गावांत ढोल घेऊन गोलामागे उभं राहणारं टोळकं या दुसऱ्या जातीचं.

आपल्या इंडियन विमेन्स लीगचं दुखणं इथेच होतं. २०१७ पासून अंतिम फेरी कधी कटकला, कधी शिलाँगला, कधी लुधियानाला, म्हणजे सगळे संघ एका परक्या गावात जमून खेळायचे. घरचं मैदानच नाही, तर घरचा प्रेक्षक कुठून येणार? २०२३-२४ पासून कुठे घरी-बाहेरी सामने सुरू झाले. ५ जुलै २०२५ ला आपल्या बायकांनी थायलंडला थायलंडमध्ये २-१ हरवून आशिया कपची पात्रता मिळवली, तेव्हा तुमच्या ग्रुपवर दिवसभर फटाक्यांच्या इमोजी होत्या. संगीता बासफोरने दोन्ही गोल केले, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं, विचारून बघ.

तेव्हा डोकी मोजत बसू नकोस. एक वही घाल आणि दुसऱ्यांदा आलेल्यांची नावं तेवढी लिही. तिसऱ्यांदा आला की त्याला काम दे: बॉल आणायचं, चुना मारायचं, चहा वाटायचं. काम अंगावर पडलेला माणूस सहसा सुटत नाही, हे मी कबड्डीच्या मंडळात अख्खी नोकरी बघितलं.

क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांकडे बुधवारी जा, त्या दिवशी ते दुकानात असतात. मुलाच्या लग्नाची गडबड चालू आहे, आधी त्याची चौकशी कर, मग रविवारचं काढ. चारची वेळ मिळाली तर लगेच फोन कर. तीनवर अडून बसले तर घेऊ नकोस, मी येतो बोलायला.

तुझे
सर