ऐतिहासिक नाटकाच्या ऑडिशनला जायचंय, आवाज बारीक आहे. तयारी काय करू?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावातलं हौशी मंडळ वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ बसवतंय, पुढच्या रविवारी कलाकार निवड आहे आणि तुम्हाला संभाजीराजांची भूमिका हवी आहे. पण आवाज बारीक, उंची बेताची, आणि अनुभव म्हणजे कॉलेजची एक एकांकिका. मी सांगलीकडच्या हौशी नाटकांत बरीच वर्षं आहे. निवडीला उभाही राहिलोय आणि निवड करणाऱ्यांत बसलोयही, तेव्हा त्या टेबलामागे काय चालतं तेच सांगतो.

पहिली गोष्ट, घाणेकर डोक्यातून काढून टाका. 1962 साली गोवा हिंदू असोसिएशननं हे नाटक रंगमंचावर आणलं, तेव्हा मास्टर दत्ताराम शिवाजीमहाराज होते आणि डॉ. काशिनाथ घाणेकर संभाजी. त्या संभाजीची मोहिनी अजून उतरलेली नाही. त्यात 2018 साली घाणेकरांवर सिनेमा आला, आणि तेव्हापासून निवडीला येणारा दर दुसरा मुलगा मान झटकत, डोळे रोखत आत येतो. टेबलामागच्या मंडळींनी ती नक्कल इतक्यांदा पाहिलेली असते की पहिल्या वाक्यालाच कोणीतरी चहाची चौकशी करायला उठतं.

आवाजाची भीती अनाठायी आहे. ऐतिहासिक नाटक म्हणजे गर्जना, हा समज शाळेच्या गॅदरिंगपासून चिकटलेला असतो. प्रत्यक्षात आम्ही वाक्याचा शेवट ऐकत असतो. मराठीत क्रियापद येतं शेवटी, आणि नवख्या माणसाचा दम संपतो तोही तिथेच. सुरुवात दणक्यात होते, मधल्या विशेषणांवर सगळी हवा खर्च होते, आणि ‘केलं’ की ‘केलं नाही’ हे मागच्या रांगेला कळतच नाही. कानेटकरांची वाक्यं पल्लेदार आहेत, त्यामुळे ही खोड लगेच उघडी पडते.

एका निवडीला एसटीत वाहक असलेला एक मुलगा आला होता. आवाज तुम्ही वर्णन केलाय तसाच. त्याच्या आधीच्यानं सभागृह दणाणून सोडलं होतं. यानं पान हातात घेतलं. समोर प्रॉम्प्टर नेहमीसारखा सपाट सुरात महाराजांची वाक्यं वाचत होता, ती यानं मान वर करून पूर्ण ऐकली. मग ‘आबासाहेब’ म्हणाला, पण दरबारात पुकारा केल्यासारखं नाही, घरात वडिलांना हाक मारतात तसं. पुढचं वाक्य चार ओळींचं होतं. मध्ये दोनदा श्वास घेतला, तोही अर्थ जिथे वळतो तिथे, आणि शेवटचा शब्द अगदी मागे खुर्च्यांच्या थप्पीवर बसलेल्या प्रकाशयोजनेवाल्याला नीट ऐकू गेला. भूमिका त्याला मिळाली. आवाजाची फेक पुढे तालमीत महिनाभरात सुधारली, कारण ती सरावानं येते. समोरच्याचं ऐकणं मात्र मोठे झालेले नटसुद्धा विसरतात.

आठवडाभर करायचं काय? संहिता मिळाली असेल तर पूर्ण वाचा, नुसते स्वतःचे प्रवेश नकोत. संवाद पाठ करण्याच्या फंदात पडू नका. निवडीला बहुधा भलतंच पान पुढे टाकतात, आणि पाठ करून आलेला माणूस तिथे हमखास अडखळतो. त्यापेक्षा रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे मराठी राज्यकारभारावरचा जुना ग्रंथ, मिळवा आणि त्यातलं दुर्गांचं प्रकरण रोज मोठ्यानं वाचा. ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’ म्हणून सुरू होतं आणि पुढे अशी लांबलचक वाक्यं येतात की श्वास कुठे घ्यायचा याचा आपोआप विचार करावा लागतो. घराच्या एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला भाऊ किंवा आई. वाचून झालं की शेवटचे दोन शब्द काय होते ते विचारा. जुन्या भाषेचा बाऊ वाटत असेल तर तोही यानं जातो. बोलताना ‘ण’चा ‘न’ होत असेल तर आत्ताच लक्ष द्या, ‘प्राण’ आणि ‘रण’ या शब्दांनी ऐतिहासिक नाटकं खचाखच भरलेली असतात.

थोडा इतिहासही बघा, पण परीक्षेसाठी नव्हे, वयं कळावीत म्हणून. संभाजीराजांचा जन्म मे 1657 चा. डिसेंबर 1678 मध्ये ते मुघल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले, वर्षभरानं परत पन्हाळ्याला आले आणि एप्रिल 1680 मध्ये महाराज गेले. म्हणजे हा मुलगा 22-23 वर्षांचा आहे. शत्रूकडे जाऊन आलाय, बापाला तोंड दाखवायचंय, आणि आपलंही काही दुखणं होतं हे सांगायचंय. आणि महाराज पन्नाशीचे. त्यांना खोकत-कण्हत म्हातारं करणारे लोक बघितले की मला आमच्याच मंडळातल्या पन्नाशीच्या पुरुषांची दया येते. सोयराबाईंच्या भूमिकेसाठी येणाऱ्या बायकाही भुवया उंचावूनच आत येतात. राजारामांचा जन्म 1670 चा, म्हणजे तिचं पोर दहा वर्षांचं आहे आणि सावत्र भाऊ गादीचा वारस. एवढं मनात धरून वाचलं तरी खलनायिकेचा अर्धा सूर गळून पडतो. तुम्हाला तिच्यासमोर वाचायला उभं केलं तर तुमचीही वाक्यं त्यानं बदलतील.

कपड्यांचं म्हणाल तर जिरेटोप, खोटी तलवार, असलं काही घालून जाऊ नका. ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे पोशाख, मंडळ भाड्यानं आणतं. दाढी-मिशी नाही याची काळजी नको, क्रेपचे खोटे केस आणि ते चिकटवायचा स्पिरिट गम त्यासाठीच असतात. सैल कुर्ता-पायजमा पुरे. मुजरा मात्र शिकून जा. कमरेत वाकून, उजवा हात खाली नेऊन कपाळापर्यंत, तीन वेळा, आणि परतताना महाराजांकडे पाठ न करता मागे सरकायचं. अनेकांचा हात कानाशी जातो आणि मुजऱ्याचा सॅल्यूट होतो. घरी डाव्या कमरेला काठी खोचून खुर्चीवर बसून-उठून बघा. तलवार असली की बसताना डाव्या हातानं म्यान बाजूला सारावं लागतं, नाहीतर ते खुर्चीत अडकतं आणि गंभीर प्रवेशात प्रेक्षागृह हसतं. हे येतंय असं दिसलं की दिग्दर्शकाला आपले तालमीचे दोन दिवस वाचले असं वाटतं.

वाचताना शब्द बदलू नका, पदरची टाळीची वाक्यं घालू नका. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडून, प्रमाणित करून घ्यावी लागते, लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी लागते, आणि विषय शिवाजी-संभाजींचा असला की एका शब्दावरूनही गावात वाद उभा राहतो. घरचं घालून बोलणारा नट कितीही चांगला असला तरी मंडळ त्याला बिचकतं.

आता कुणी उघडपणे सांगत नाही ते. हौशी मंडळात महाराजांची भूमिका बहुतेक वेळा आधीच ठरलेली असते. मंडळाचे जुने कार्यकर्ते असतात, पंचवीस वर्षं झटलेले, आणि त्यांचा हक्क कोणी नाकारत नाही. त्यामुळे संभाजी निवडताना ‘हा आपल्या महाराजांसमोर कसा दिसेल’ असा हिशोब असतो. महाराज कोण करतंय ते आधी काढून घ्या. ते गृहस्थ बुटके असतील तर तुमची बेताची उंची पथ्यावर पडेल. सहा फुटी असतील तर नाही मिळणार भूमिका, आणि त्यात तुमच्या अभिनयाचा काही संबंध नसेल.

तसं झालं तर ‘दुसरं काहीही चालेल’ असं पुटपुटू नका, नेमकं काम मागा. भालदाराची ललकारी म्हणून दाखवू का, असं विचारा. बारीक पण स्वच्छ आवाज ललकारीला उलट छान लागतो, आणि ती नीट म्हणणारा माणूस कोणत्याही मंडळाला सहज मिळत नाही. शिवाय भालदार तालमीला रोज लागतो. संभाजी करणारा आजारी पडला की दिग्दर्शक आधी तिथे हजर असलेल्याकडेच बघतो, आणि तोवर सगळ्यांची वाक्यं ऐकून ऐकून तुम्हाला पाठ झालेली असतात.

प्रयोग राज्य नाट्य स्पर्धेसाठी आहे की गावच्या उत्सवासाठी, हेही विचारून घ्या. स्पर्धेचं असेल तर दिवाळीच्या आसपास तालमी रोज होतात, सुट्टी मिळत नाही. आणि त्या सुरू होतात सगळे नोकरीवरून येऊन जेवल्यावर, म्हणजे रात्री नऊनंतर. तुमच्या गावाला जाणारी शेवटची एसटी कितीला आहे ते बघूनच ‘हो’ म्हणा.