शब्दांची ओसरी : ‘पैसे भरलेले बरे’ हे इंग्रजीत कसं सांगावं?

प्रश्न : आमचं मोरजीला छोटं होमस्टे आहे. मँचेस्टरच्या एका पाहुण्याने डिसेंबरसाठी खोली मागितली, पण ॲडव्हान्स काही येईना. मी लिहिलं, ‘यू हॅड बेटर पे द ॲडव्हान्स बाय फ्रायडे.’ त्याचं उत्तर आलं, ‘इज दॅट अ थ्रेट?’ मला तर फक्त ‘भरलेले बरे’ एवढंच म्हणायचं होतं. अशा वेळी ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलेलं चालेल का?

उत्तर : पाहुणा चिडला ते तुमच्या व्याकरणावर नव्हे. वाक्य बिनचूक आहे आणि तिथेच घोळ आहे. ‘हॅड बेटर’मध्ये ‘नाहीतर बघ’ हे न बोलता येतं. आई मुलाला म्हणते, पोलीस गाडीवाल्याला म्हणतो. बोलणारा स्वतःलाही त्यात धरत असेल तर मात्र धार जाते. ‘वी हॅड बेटर लीव्ह, इट्स गोइंग टू रेन’ कुणालाही म्हणा. आमच्या शाळेतल्या पुस्तकांत ‘शुड’, ‘ऑट टू’, ‘हॅड बेटर’ एकाखाली एक छापलेले असायचे, वर मथळा ‘सल्ला देणे’. मुलांना वाटायचं, तिन्ही सारखेच, आणि ‘बेटर’ आहे म्हणजे हाच सर्वांत गोड. प्रत्यक्षात तिघांत तोच सर्वांत कडक.

तुम्ही असं लिहा : ‘कुड यू प्लीज सेंड द ॲडव्हान्स बाय फ्रायडे? वी कॅन होल्ड द रूम फॉर यू अंटिल देन.’ क्रियापद मऊ ठेवायचं, मुदत पक्की ठेवायची. आपल्याकडे भिडेपोटी उलटं होतं. मुदतच गाळतात आणि ‘ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’ लिहून मोकळे होतात. मग पाहुणा खरोखर त्याच्या सवडीने पैसे पाठवतो आणि ऐन नाताळात तुमची खोली अडकून पडते.

‘डू द नीडफुल’ एके काळी विलायतेतल्या कचेऱ्यांतही चालायचं. आता ते मुख्यतः आपल्याकडे उरलंय. मँचेस्टरच्या माणसाला अर्थ लागेल, पण नेमकं काय करायचं ते कळणार नाही. पणजीतल्या सरकारी कचेरीत अर्ज देताना खुशाल लिहा, तिथे कुणाला खटकत नाही. ‘जेंटल रिमाइंडर’चं म्हणाल तर पहिल्या वेळी ठीक. तिसऱ्यांदा पाठवलेल्या रिमाइंडरला जेंटल म्हणण्यात अर्थ नाही.

प्रश्न : इंग्रजीतल्या ‘अर्ज’ (urge), ‘परस्वेड’ (persuade), ‘एग ऑन’ (egg on) आणि ‘गोड’ (goad) यांत फरक काय? कोशात सगळ्यांपुढे ‘प्रवृत्त करणे’ दिलंय. (विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : कोशकाराला जागा वाचवायची असते, तुला पेपर लिहायचाय. ‘अर्ज’ म्हणजे कळकळीने सांगणं. समोरच्याने ऐकलं की नाही, ते त्यात येत नाही. ‘आय अर्ज्ड हिम टू सी अ डॉक्टर, बट ही डिडन्ट गो’ हे वाक्य चालतं. तिथे ‘परस्वेडेड’ घातलंस तर वाक्य स्वतःशीच भांडेल, कारण ‘परस्वेड’मध्ये माणूस राजी झाला, हे आलंच.

‘एग ऑन’चा अंड्याशी काही संबंध नाही. हे क्रियापद जुन्या नॉर्स भाषेतून आलंय, आणि ‘एज’ म्हणजे धार, तिच्याच गोतातलं. वापर मात्र बहुधा नसत्या उद्योगासाठी. पावसात ओहोळ भरून वाहतोय, पोरगा साकवावर उभा आहे आणि मित्र खालून ओरडतायत, ‘मार उडी, मार उडी!’ : ‘दे एग्ड हिम ऑन.’ अभ्यासाला बसवणाऱ्या आईसाठी हा शब्द वापरू नकोस.

‘गोड’ म्हणजे मुळात बैल हाकायची अणकुचीदार काठी, आपली पराणी. तुझ्या आजोबांनी पाहिली असेल. आता नांगरणी पॉवर टिलरवर, त्यामुळे तुला ती दाखवायची कुठे, हा प्रश्नच. टोचणं, डिवचणं हा भाव शब्दात अजून जिवंत आहे : ‘ही वॉज गोडेड इंटू रिझाइनिंग’ म्हणजे टोचून टोचून त्याला राजीनामा द्यायला लावला. तू विचारला नाहीस, पण ‘नज’ही याच घरातला : कोपराने हलकेच ढोसणं. अर्थशास्त्राचं २०१७ चं नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांच्यामुळे तो सरकारी धोरणांच्या भाषेत जाऊन बसला. सक्ती न करता, दंड न लावता माणसाला योग्य बाजूला वळवायचं, असा तिथला अर्थ.

प्रश्न : ‘ही सजेस्टेड मी टू गो’ चुकीचं का? (मडगाव)

उत्तर : कारण ‘सजेस्ट’ला माणूस आणि ‘टू’ असं जोडून चालत नाही. ‘ही सजेस्टेड दॅट आय गो.’ ‘इन्सिस्ट’चंही तसंच. यजमानीण ‘जेवल्याशिवाय सोडणार नाही’ म्हणाली, तर ‘शी इन्सिस्टेड दॅट आय स्टे फॉर लंच’. ‘इन्सिस्टेड मी टू स्टे’ नको. ‘अर्ज’, ‘रिक्वेस्ट’ आणि ‘ॲडव्हाइज’ यांना मात्र ‘मी टू’ चालतं.

प्रश्न : आमचे परदेशी साहेब सारखे ‘चॉप चॉप’ म्हणतात. हा अपमान समजायचा का? (वास्को)

उत्तर : नाही. चीनच्या किनाऱ्यावर व्यापाऱ्यांत जी मिश्र इंग्रजी चालायची, तिच्यातला हा शब्द. आपलं कोकणी ‘बेगीन बेगीन’, म्हणजे ‘लवकर लवकर’, समजा. मुलांना आणि हाताखालच्यांना थट्टेत म्हणतात. तुम्ही साहेबांना म्हणू नका.