आई दिवसभर घरकाम करते, मग मधुमेहासाठी वेगळा व्यायाम कशाला?

तुमचा मूळ प्रश्न असा: आई ५८ वर्षांच्या, टाइप २ मधुमेह, गोळ्या चालू, सकाळी उपाशीपोटी चालावं की जेवणानंतर? जेवणानंतर. पण तुम्ही जाता जाता मामांचं वाक्य लिहिलंय, ‘दिवसभर घरात राबते, अजून कसला व्यायाम?’ ते साफ चूक आहे, आणि प्रत्येक घरात असा एक मामा असतोच.

ओट्यापाशी तीन तास उभं राहून पाय दुखतात, कंबर धरते. ताकद मात्र वाढत नाही, कारण भार वाढत नाही. तीच कणीक, तोच कुकर; स्नायूंना त्याची कधीच सवय झालेली असते. (डोक्यावर हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईची गोष्ट निराळी.) आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. एरवी त्यांना त्यासाठी इन्सुलिन लागतं. पण स्नायू काम करत असताना साखर आत घेणारं ग्लुट-४ नावाचं प्रथिन इन्सुलिनशिवायही पेशीच्या पृष्ठभागावर येतं. व्यायामाचा असर एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको.

त्यामुळे चालण्याआधी ताकदीसाठी खुर्चीवरून उठबस. खुर्ची बिनहाताची, साधारण दीड फूट उंचीची, भिंतीला टेकवलेली. गुळगुळीत फरशीवर मोकळी ठेवली तर मागे सरकते आणि माणूस आपटतो. पुढच्या कडेला बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर. नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढे झुकायचं आणि श्वास सोडत उठायचं. श्वास कोंडला की रक्तदाब चढतो. बसताना चार आकडे मोजत बसायचं. इथेच सगळे धपकन बसतात आणि निम्मा फायदा घालवतात. गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. ८ ते १० वेळा, मग मिनिट-दीड मिनिट विश्रांती, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीनदा, एक दिवस आड. जमत नसेल तर खाली उशी ठेवून उंची वाढवा. एका फेरीत १२ उठबशा सहज जमू लागल्या की छातीशी पाण्याची दोन लिटरची भरलेली बाटली. दुसऱ्या दिवशीही गुडघा दुखत किंवा सुजलेला असेल तर संख्या निम्मी करा, बंद करू नका.

आता चालणं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये टाइप २ च्या ४१ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसातून कधीही सलग ३० मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी आली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. १५ सेकंदांत साधारण २५ पावलं. बागेतली रमतगमत प्रभातफेरी यात धरू नका.

हे आधी लिहायला हवं होतं: गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, मशीनवर ७० च्या खाली आकडा, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. बिस्किट नको, ते उशिरा लागू पडतं. डोळ्याच्या पडद्याला इजा असेल किंवा चालताना छातीत दडपण येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका. पाय बधिर असतील तर मोजे आणि बंद बूट, आणि रोज रात्री तळवे बघायचे.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. रात्री जेवल्याबरोबर आईंनी भांड्यांना हात लावायचा नाही, चपला घालून बाहेर पडायचं. भांडी मामा घासतील.