रात्री त्वचेची दुरुस्ती होते म्हणतात, तर झोपण्याआधी चेहऱ्याला काय लावावं आणि कोणत्या क्रमाने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, पुण्यात नोकरी, दिवसभर एसीत बसणं. रात्री फेसवॉश, ग्लायकोलिक टोनर (मृत पेशी सोलणारं आम्ल असलेला), व्हिटॅमिन सी सीरम, रेटिनॉल आणि वरून नाइट क्रीम असं सगळं रोज लावता. तरी चेहरा झोंबतो, नाकाच्या कडेला सालपटं निघतात, कपाळावर बारीक पुरळ आलंय. यात काय कमी पडतंय, असं तुम्ही विचारलंय.

कमी काहीच पडत नाही, जास्त होतंय. आज रात्रीपासून टोनर, सीरम आणि रेटिनॉल तिन्ही थांबवा आणि किमान तीन-चार आठवडे फक्त धुणं आणि मॉइश्चरायझर एवढंच ठेवा. रेटिनॉल परत कसं सुरू करायचं ते पुढे लिहिलंय.

आधी रात्री नेमकं काय घडतं ते बघू, कारण बाकीचं सगळं त्यावरच ठरतं. त्वचेच्या पेशींना दिवसरात्रीचं स्वतःचं घड्याळ असतं. दिवसा त्यांचा भर ऊन, धूळ यांपासून बचावावर असतो आणि रात्री पेशींचं विभाजन वाढतं. इथपर्यंत सगळेच सांगतात. पण संध्याकाळनंतर त्वचेतला रक्तप्रवाह आणि तापमानही वाढतं, आणि त्वचेतून उडून जाणाऱ्या पाण्याचं प्रमाण वाढतं. शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे दाह आवरणारं संप्रेरक, रात्री कमी झालेलं असतं, म्हणून खाज आणि जळजळ रात्रीच जास्त जाणवते. थोडक्यात, दुरुस्ती चालू असते त्याच वेळी वरचा थर जास्त गळका असतो. पाणी बाहेर सहज जातं आणि बाहेरून लावलेलं औषध आत सहज शिरतं. त्यामुळे रात्रीचं पहिलं काम म्हणजे हा थर सांभाळणं. ‘अ‍ॅक्टिव्ह’ (म्हणजे रेटिनॉल, ग्लायकोलिकसारखं त्वचेवर थेट परिणाम करणारं द्रव्य) लावायचं ते त्यानंतर, आणि एका रात्री एकच.

हा थर म्हणजे चपट्या, मृत पेशींचे पंधरा-वीस पदर आणि त्यांच्यामध्ये भरलेलं सेरामाइड, कोलेस्टेरॉल व फॅटी अ‍ॅसिड यांचं मिश्रण. तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसा हा काळ लांबतो. म्हणून ‘एका रात्रीत उजळ’ असं काही नसतं. कुठलीही नवी गोष्ट सुरू केली की ८ ते १२ आठवड्यांनीच तिचा हिशोब करा. दर पंधरा दिवसांनी बाटल्या बदलणाऱ्याला कशाचाच गुण येत नाही.

आता धुण्याबद्दल, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात. झोपताना डोळे मिटत असताना चेहरा धुण्यापेक्षा घरी आल्यावर किंवा जेवणाआधी धुवा. मॉइश्चरायझर शांतपणे लावून होतं आणि उशीला पुसलं जात नाही. दात घासायचे असतील तर ते आधी, म्हणजे पेस्टचा फेस तोंडाभोवती राहत नाही. टिकली काढा आणि तिच्या जागचा गोंद नीट पुसा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल असतं आणि त्यामुळे कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. टिकलीखाली खाज येत असेल तर ती टिकली त्याच दिवशी बंद.

वॉटरप्रूफ सनस्क्रीन किंवा मेकअप असेल तरच दोनदा धुणं लागतं. क्लिन्झिंग ऑइल किंवा बाम कोरड्या हाताने कोरड्या चेहऱ्यावर एक मिनिट हलकं चोळायचं, मग थोडं पाणी घेऊन परत चोळायचं. ते दुधाळ झालं पाहिजे. त्यात तेल आणि पाणी एकत्र करणारा घटक असतो, म्हणून ते सुटून येतं. स्वयंपाकघरातल्या खोबरेल तेलात तो नसतो, त्यामुळे ते त्वचेवर राहतं आणि मुरूम येणाऱ्यांना त्रास देतं. मायसेलर वॉटर (कापसावर घेऊन मेकअप पुसायचं पाणी) वापरलं तर तेही पाण्याने धुऊन टाका, तसंच ठेवू नका.

फेसवॉश साबणविरहित हवा. त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, कमी आकडा म्हणजे जास्त आम्ल) साधारण ४.५ ते ५.५ असतो आणि अंगाच्या साबणाचा ९ ते १०. साबणाने धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा, बोट फिरवलं तर कुरकुर वाजेल असा वाटतो, त्याला आपण स्वच्छ समजतो. खरं तर ते तेलाचे पदर निघून गेल्याचं लक्षण आहे. एक रुपयाच्या नाण्याएवढा फेसवॉश, अर्धा मिनिट, कोमट पाणी, बस्स. गरम पाणी नको, स्क्रब नको, बेसन घासणं तर अजिबात नको. घरी बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून एक चिकट थर त्वचेवर ठेवतं, आणि तो झोंबतो. साबणविरहित फेसवॉश वापरला की हा प्रश्न बराचसा सुटतो. तरी कोरडेपणा राहिला तर शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या.

तुमच्या कपाळावरच्या बारीक पुरळाबद्दल एक शंका आहे. रात्री डोक्याला तेल लावून झोपता का? तेल केसांच्या रेषेवरून कपाळावर उतरतं, उशीच्या अभ्र्यात मुरतं आणि तिथून गालालाही लागतं. कपाळावर एकसारख्या आकाराचे बारीक दाणे हे त्याचं नेहमीचं चित्र. तेल लावायचंच असेल तर न्हाण्याआधी तासभर लावा, रात्रभर नको. अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. त्वचा किंचित ओली असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा. चेहरा आणि मान मिळून प्रमाण असं धरा: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली क्रीमची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, तशा दोन ते अडीच रेघा. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग क्रीमलाच दोष देतात. लेबलवर ग्लिसरीन, सेरामाइड, कोलेस्टेरॉल शोधा. नायसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचं रूप) २ ते ५ टक्के असेल तर उत्तम. त्याने त्वचा स्वतः सेरामाइड जास्त बनवते आणि रंगद्रव्य वरच्या पेशींकडे जाणंही कमी होतं. १० टक्के घेतल्याने दुप्पट फायदा होत नाही, काहींचा चेहरा मात्र लाल होतो. ‘नाइट क्रीम’ नावाचं वेगळं काही विकत घेण्याची गरज मला वाटत नाही. बहुतेक वेळा ती सनस्क्रीन नसलेली साधीच क्रीम असते.

पावसाळ्यात पुण्यात आणि कोकणात जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर पुरतं. हिवाळ्यात, विशेषतः मराठवाडा-विदर्भातल्या कोरड्या हवेत, किंवा रात्रभर एसी लावून झोपत असाल तर जाड क्रीम लागते. सालपटं निघणाऱ्या जागी, नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे, मॉइश्चरायझरवर पेट्रोलियम जेली अगदी पातळ लावा. पाणी उडणं थांबवण्यात कुठलंही तेल तिच्या जवळ येत नाही. ऑलिव्ह तेल मात्र टाळा. त्यातलं ओलिक अ‍ॅसिड हा वरचा थर उलट विस्कळीत करतं.

हे एवढंच तीन-चार आठवडे करा. मॉइश्चरायझर लावल्यावर झोंबणं पूर्ण थांबलं, म्हणजे थर भरून आला. त्याआधी रेटिनॉलकडे वळू नका, कितीही मोह झाला तरी.

रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचं रूप. त्वचेत आधी त्याचं रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक अ‍ॅसिड बनतं, आणि काम करतं ते शेवटचं. म्हणून ते ट्रेटिनॉइनपेक्षा सौम्य असतं. ट्रेटिनॉइन म्हणजे थेट रेटिनॉइक अ‍ॅसिडच. ते प्रकाशात विघटित होतं, रात्री लावतात त्याचं हे मुख्य कारण. ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के किंवा अ‍ॅडापलिन ०.१ टक्का (हेही रेटिनॉलच्याच जातीचं औषध) आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. रेटिनॉल घ्यायचं तर ०.१ ते ०.३ टक्क्यापासून सुरुवात करा. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमात चेहऱ्याच्या उत्पादनांसाठी ०.३ टक्के हीच कमाल मर्यादा ठेवली आहे, त्यामुळे १ टक्क्याच्या बाटलीमागे धावण्यात अर्थ नाही.

लावण्याची पद्धत अशी. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, वीस-तीस मिनिटं. ओल्या त्वचेत ते जास्त शिरतं आणि जास्त जाळतं. नाकाच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडा यांवर आधी जेलीचं बोट फिरवा. मग पूर्ण चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं घ्या, कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरवा. फक्त डागावर किंवा मुरमावर टिकलीसारखं लावायचं नाही. दहा मिनिटांनी मॉइश्चरायझर. तुमची त्वचा आत्ताच दुखावलेली आहे, म्हणून तुम्ही मॉइश्चरायझर, रेटिनॉल, परत मॉइश्चरायझर असा क्रम ठेवा. परिणाम किंचित कमी होईल, पण टिकाव लागेल. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, सोमवार-गुरुवार असं ठरवून. त्रास नसेल तर एक दिवसाआड. रोज लावलंच पाहिजे असं नाही.

सुरुवातीला थोडं साल निघणं चालतं. जिथे तुम्हाला एरवी मुरूम येतात तिथेच ते थोडे वाढले तर सहा-आठ आठवड्यांत ओसरतात. पण नव्याच जागी पुरळ आलं, त्वचा प्लास्टिकसारखी चकचकीत आणि ताणलेली दिसू लागली, साधं पाणीही झोंबलं, तर ती ‘त्वचा सरावतेय’ ची खूण नव्हे. थांबा, पुन्हा धुणं आणि मॉइश्चरायझरवर या. आपल्या सावळ्या वर्णात अशी जळजळ गेल्यावर मागे काळे डाग राहतात आणि ते जायला महिने लागतात, म्हणून सोसत राहण्यात शहाणपण नाही. अप्परलिप वॅक्सिंग करायचं असेल तर आठवडाभर आधी रेटिनॉल बंद ठेवा, नाहीतर मेणाबरोबर त्वचेचा पापुद्राही निघतो.

ग्लायकोलिकचं स्थान यात अगदी छोटं. रेटिनॉल स्थिरावल्यावर, दोनेक महिन्यांनी, हवंच असेल तर रेटिनॉल नसलेल्या एखाद्या रात्री, आठवड्यातून एकदा, ५ टक्क्यांचं. दोन्ही एकाच रात्री नाही, कारण दोन्ही वरचा थर पातळ करतात आणि तुमचं तसंच झालंय. व्हिटॅमिन सी सकाळी, सनस्क्रीनखाली, तिथे त्याचा उपयोग जास्त. आणि सकाळचं सनस्क्रीन बोटभर लांबीच्या दोन रेघा हवं. वांग असेल तर टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं. सनस्क्रीन नसेल तर रेटिनॉल लावूच नका.

गरोदर असाल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलिन सगळंच बंद. त्या काळात अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड चालतं, पण डॉक्टरांना विचारून.

शेवटचं, आणि हे मी फार आग्रहाने सांगते. तुमच्या बाटल्यांमध्ये मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेली एखादी ‘गोरं करणारी’ ट्यूब असेल, तर तिचं लेबल वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचं मिश्रण आपल्याकडे साध्या क्रीमसारखं वर्षानुवर्षं लावलं जातं. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळतो. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात आग होते आणि क्रीम थांबवली की चेहरा लालबुंद होतो, म्हणून माणूस ती परत लावतो. काही महिने लावली असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि ती ट्यूब सोबत न्या.