नागीण गेली, पण जळजळ राहिली: टेन्स मशीनचा उपयोग होतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंचं वय 68, नागीण होऊन पाच महिने झाले, फोड कधीच वाळले, पण डाव्या बरगडीखाली आग होते आणि मधूनच शॉक बसल्यासारखी कळ येते. गोळ्यांनी दिवसभर गुंगी असते. फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांनी टेन्स मशीन (कातडीवर पट्ट्या चिकटवून नसांना बारीक करंट देणारं छोटं यंत्र) सुचवलंय, तर ते घ्यावं की पैसे पाण्यात जातील, असा तुमचा प्रश्न आहे.

मशीन जरूर वापरून बघा, पण लगेच विकत घेऊ नका. आणि त्यानं दुखणं बरं होईल अशी आशा सासूबाईंना लावू नका. चालू असताना आणि बंद केल्यावर थोडा वेळ कळ खाली येते, इतकंच त्याचं काम. पण रात्र-रात्र बसून काढलेल्या माणसाला तो थोडा वेळ किती मोलाचा असतो, ते मी सोसून बघितलंय.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत चटणी-मसाल्याचं कांडप चालवते. ऐन उन्हाळ्यात, दारात मिरच्यांच्या पिशव्यांची रांग असताना मला नागीण झाली. उजवीकडं पाठीच्या कण्यापासून छातीखालून पुढं पोटापर्यंत पट्टा. फोड गेले, डाग फिके पडले, घरातल्यांना वाटलं संपलं. त्यानंतर खरं दुखणं सुरू झालं. साडीच्या निऱ्या कमरेला खोचणं सहन होईना, ब्लाउजची शिवण लागली तरी डोळ्यात पाणी यायचं. सैल सुती गाऊन घालून घरात बसावं लागलं. बाहेरून काही दिसत नाही म्हणून लोकांना पटत नाही, याचा त्रास वेगळाच. सासूबाईंना पदराचा स्पर्श नको वाटत असेल तर तो नखरा नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगा.

लहानपणी कांजिण्या होऊन जातात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो कण्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठीत पडून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की त्याच नसेच्या वाटेनं बाहेर येतो. म्हणून नागीण पट्ट्यासारखी आणि एकाच बाजूला उठते. आपल्याकडं म्हणतात ना, नागिणीची दोन तोंडं मिळाली की माणूस दगावतो; नस शरीराच्या मधोमध येऊन थांबते, त्यामुळं ती तोंडं सहसा मिळतच नाहीत. या भीतीपोटी लोक आधी गेरू लावायला आणि नागीण उतरवून घ्यायला जातात आणि विषाणूवरच्या गोळ्या सुरू करायचे पहिले 72 तास निघून जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. तुमच्या घरात किंवा गल्लीत पुढं कुणाला असा पट्टा उठला तर त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या.

पुरळ उठून तीन महिने झाल्यावरही दुखत असेल तर ते नागिणीनंतरचं नसेचं दुखणं मानतात. सासूबाई त्यात मोडतात. यात जखम झालेली असते ती नसेलाच. म्हणून साध्या अंगदुखीच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही आणि डॉक्टर प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, नॉरट्रिप्टिलिन असली नसेवरची औषधं देतात.

आता मशीन. कुठं आपटलं की आपण ती जागा चोळतो आणि बरं वाटतं. 1965 साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी त्याचं कारण मांडलं: स्पर्शाची खबर जाड तंतूंतून जाते, वेदनेची बारीक तंतूंतून, आणि दोन्ही मज्जारज्जूत एका दारापाशी येतात. स्पर्शाची खबर जोरात आली की वेदनेसाठी दार थोडं लोटलं जातं. दोनच वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी कातडीच्या जुनाट, तीव्र वेदनेच्या आठ रुग्णांच्या नसांना सेकंदाला 100 ठोक्यांचा बारीक करंट दिला. चौघांना दोन मिनिटांच्या करंटनं अर्ध्या तासाहून जास्त आराम मिळाला, आणि त्या चौघांचा आजार नसेचाच होता. त्यांचे इलेक्ट्रोड आपल्या चिकटपट्ट्यांसारखे नव्हते, पण आजचं टेन्स मशीन त्याच विचारातून आलंय. तळहातावर मावणारी डबी, दोन वायरी, चार चिकट पट्ट्या. सुई नाही, चिरफाड नाही, पोटात काही जात नाही.

क्लिनिकमध्ये कप लावून करंट देतात ते मोठं मशीन वेगळं, त्याला आयएफटी म्हणतात. तुम्हाला घरी वापरायला सांगितलंय ते हे छोटं.

पट्ट्या कुठं लावायच्या, यावर सगळं अवलंबून आहे. जिथं आग होते तिथंच लावायची घाई होते. पण नुसता कपडा लागला तरी जी कातडी पेटते, तिच्यावर पट्टी लावली तर दुखणं वाढू शकतं. माझ्या फिजिओताईंनी पहिल्याच दिवशी आधी कापसाच्या बोळ्यानं आणि बोटानं तपासून चांगल्या कातडीची हद्द पेनानं आखली. मग एक जोडी कण्याशेजारी, त्या नसेच्या उगमापाशी आणि दुसरी दुखऱ्या पट्ट्याच्या वर-खाली, जिथं स्पर्श नीट कळतो तिथं लावली. जिथं कातडी बधिर झालीय तिथंही लावायची नाही. करंट किती झाला ते कळत नाही आणि भाजू शकतं.

सेटिंग मला 80 ते 100 हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला तितक्या ठोक्यांचं, दिलं होतं. करंट शून्यावरून हळूहळू वाढवायचा. जोरदार मुंग्या याव्यात, पण दुखता कामा नये आणि स्नायू उडता कामा नयेत. अगदी कमी ठेवला तर काही होत नाही. भीतीनं पुष्कळ जण तिथंच थांबतात आणि मशीन बिनकामाचं म्हणतात. दहा मिनिटांनी मुंग्या कमी वाटू लागल्या तर थोडा वाढवायचा. 2 ते 4 हर्ट्झचा दुसरा प्रकार असतो, त्यात स्नायू टकटक उडतात आणि शरीरातली एंडॉर्फिन, म्हणजे वेदना कमी करणारी रसायनं, सुटतात असं मानतात. मला बरगडीवर तो सोसला नाही. एकाच सेटिंगवर रोज वापरलं की शरीराला त्याची सवय होते, म्हणून फ्रिक्वेन्सी आपोआप बदलणारा मोड असेल तर बरं.

एका वेळी अर्धा-पाऊण तास. मी रात्री जेवण झाल्यावर लावायचे, बंद करून पट्ट्या काढायचे आणि उतरलेल्या कळेतच आडवी व्हायचे. आग गेलेली नसायची, पण आगीचं टोक बोथट झालेलं असायचं आणि तेवढ्यात झोप लागून जायची. सकाळी अंघोळीनंतर पुन्हा एकदा, म्हणजे साडी नेसता येई. ज्या तासाला आराम हवा त्याच्या आधी लावायचं, हे जमलं तेव्हा मला मशीनचा खरा उपयोग झाला. दिवसभर केव्हाही लावून बसण्यात अर्थ नाही. झोपेत, पाण्याजवळ किंवा गाडी चालवताना लावायचं नाही.

लावायच्या जागी तेल, बाम, पावडर काही नको. साध्या पाण्यानं पुसून कोरडं करा. पट्ट्या काढल्या की त्यांच्या प्लॅस्टिकच्या कागदावर परत चिकटवा. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत त्या लवकर खराब होतात आणि सैल पट्टीनं करंट टोचतो.

आता पुराव्याबद्दल, कारण विकणारे हे सांगणार नाहीत. 2017 साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं नसेच्या दुखण्यावरच्या टेन्सच्या चाचण्यांचा आढावा घेतला. नुसतंच लावलेल्या खोट्या मशीनपेक्षा खरं मशीन सरस आहे, असं खात्रीनं म्हणण्याइतका चांगला पुरावा त्यांना मिळाला नाही. चाचण्या लहान होत्या आणि पुराव्याचा दर्जा फार कमी. शिवाय मुंग्या येतात की नाही यावरूनच खरं मशीन कुणाला मिळालंय ते रुग्णाला कळतं, त्यामुळं या चाचण्या करणंही अवघड. 2022 साली दुसऱ्या संशोधकांनी सगळ्या प्रकारच्या वेदनांवरच्या चाचण्या एकत्र बघितल्या, त्यात मशीन चालू असताना किंवा लगेच नंतर वेदना कमी होते असं दिसलं. माझा अनुभवही तेवढाच आहे. म्हणूनच ‘नस पुन्हा जिवंत होते’, ‘मुळापासून बरं होतं’ अशा जाहिराती बघून माझं रक्त तापतं. दुखण्यानं टेकीला आलेल्या माणसाच्या गळ्यात वाट्टेल ते मारता येतं, हे त्यांना ठाऊक असतं.

म्हणून आधी फिजिओकडंच काही दिवस लावून बघा, किंवा त्यांच्याकडून मशीन भाड्यानं मिळतं का विचारा. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, जाऊन काय सोय होते ते बघा. ‘दहापैकी किती दुखतंय’ असं सासूबाईंना सारखं विचारू नका, त्यानं लक्ष तिथंच जातं. डाव्या कुशीवर वळता येतं का, किती वेळ सलग झोपल्या, पातळ नेसलं का, शेजारी जाऊन बसल्या का, हे वहीत लिहा. पंधरा-वीस दिवसांत यातलं काहीच हललं नाही तर मशीन परत करा. काहींना त्याचा गुण येतच नाही. स्पर्शाच्या जाड तंतूंनाच जास्त इजा झाली असेल तर दार लोटायला कुणी उरत नाही, एवढंच.

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं दुसरं कुठलं यंत्र असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टेन्सला हातही लावू नका. फिट येत असतील, पायात रक्ताची गुठळी असेल किंवा त्या भागात कॅन्सर असेल तरी आधी विचारा. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर आणि उघड्या जखमेवर पट्टी कधीच नाही.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. मिरचीचा तिखटपणा ज्यात असतो त्या कॅप्सेसिनचं मलम या दुखण्यावर खरोखर वापरतात. कातडीतल्या वेदनेच्या तंतूंवर त्याचा नेमका कुठं परिणाम होतो ते डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये शोधलं, आणि 2021 चं नोबेल त्यांना मिळालं त्यात हे काम होतं. मलम दिवसातून तीन-चार वेळा, आठवडेच्या आठवडे लावावं लागतं आणि सुरुवातीला भयंकर झोंबतं. मिरचीच्या खाटात आयुष्य काढलेल्या मलाही ते नको झालं. हे वाचून कुणी घरची लवंगी मिरची वाटून लावू नये, कातडी भाजून निघेल. त्यापेक्षा लिडोकेनची (कातडी बधिर करणाऱ्या औषधाची) पट्टी सोसायला सोपी. ती 24 तासांत 12 तासच ठेवायची आणि धड कातडीवरच लावायची.

गुंगीचं मात्र आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिनचा डोस किडनीच्या कामावर ठरतो, म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासलंय का ते विचारा. या वयात गुंगीत बाथरूमला जाताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं तर ते नागिणीपेक्षा महाग पडेल. डोस कमी करून, रात्रीचा वाढवून किंवा औषध बदलून फरक पडतो. पण मशीन आणलं म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका, त्या हळूहळूच सोडाव्या लागतात. मी दोन्ही चालू ठेवलं आणि डोस डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं उतरवला.

तुमचंही वय 50 च्या पुढं असेल तर नागिणीच्या लसीचं विचारून घ्या. शिंग्रिक्स नावाची ही लस 2023 पासून भारतात मिळते. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिन्यांचं अंतर. महाग आहे. सासूबाईंचं आत्ताचं दुखणं तिनं जाणार नाही, पण पुन्हा नागीण होण्याचा धोका कमी होतो, म्हणून त्यांच्यासाठीही विचारा.

सासूबाईंना पेसमेकर आहे का, शुगर आहे का, आणि त्या जागेला हात लावला तर आग होते की कळतच नाही, हे तुमच्या प्रश्नात आलेलं नाही. फिजिओकडं जाताना या तिन्हींची उत्तरं आणि चालू गोळ्यांचा कागद सोबत न्या.