वाळवंटात आरव्ही नेताना उन्हाइतकंच वाऱ्याकडे बघ

चि. स अनेक उत्तम आशीर्वाद.

मार्चमध्ये भाड्याची आरव्ही, म्हणजे झोपण्याराहण्याची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन लास वेगसहून डेथ व्हॅलीच्या वाळवंटात जायचं ठरवलंयस, छान. पाणी माणशी दिवसाला चार लिटर घेशीलच. उन्हाची धास्ती सगळ्यांनाच असते. वाऱ्याचा मात्र कोणी हिशेब करत नाही. साडेसात मीटर लांब आणि तीन मीटर उंच गाडी म्हणजे बावीस चौरस मीटरचं शीडच. घळीच्या तोंडाशी किंवा ट्रक बाजूने गेल्यावर ती एकदम सरकते. अशा वेळी ताशी 70 किलोमीटरच्या वर जाऊ नकोस, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धर, छताच्या खिडक्या बंद ठेव.

सगळ्यात जास्त मोडतं ते बाजूचं छत, म्हणजे ऑनिंग. गाडीपासून दूर जाताना, झोपताना ते गुंडाळायचंच, आकाश कितीही निरभ्र असो. पावसात उघडं ठेवायचंच असेल तर एक कोपरा खाली कर. एक चौरस मीटर कापडावर सेंटीमीटरभर पाणी साचलं तरी दहा किलो वजन होतं, आणि छत तोलणारे दांडे वाकतात.

टायरची हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी बघ. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, मागच्यांना बहुधा 80 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास. तापमान 5-6 अंश वाढलं की दोनेक पीएसआय वाढतात. दुपारी आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही, नाहीतर रात्री थंडीत टायर कमी हवेवर येईल. मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक बघायला विसरतो आपण, तेच आधी बघ.

डेथ व्हॅलीतली स्टोव्हपाइप वेल्स ही वस्ती जवळजवळ समुद्रसपाटीला आणि तिथून 27 किलोमीटरवरची टाउन्स पास खिंड 1511 मीटरवर. खाली शर्टावर भागतं, खिंडीत स्वेटर लागतो. चढताना एसी बंद, उतरताना टो-हॉलचं बटण (गाडीला खालच्या गिअरमध्ये धरून ठेवणारं) दाबून खालच्या गिअरमध्ये. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापून जळका वास येतो. पेट्रोल वाटेतल्या पाहरम्प गावातच भरून घे. टाकी पाव भागावर आली की जनरेटर आपोआप बंद पडतो, म्हणजे रात्री एसी नाही.

धुळीचं वादळ आलं तर रस्ता पूर्ण सोडून थांब, सगळे दिवे बंद कर, हँडब्रेक ओढ आणि पाय ब्रेकवरून काढ. दिवा चालू दिसला तर मागचा त्यालाच रस्ता समजून येऊन धडकतो.

कोरड्या नाल्यात मुक्काम नको. वर डोंगरात पाऊस झाला तरी पाणी इथे येतं. 5 ऑगस्ट 2022 ला डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीक या वस्तीत काही तासांत 37 मिलिमीटर पडला आणि सुमारे हजार माणसं अडकली; तिथे वर्षाला पडतो जेमतेम 55. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर मागे फिर, खोली किती ते पाण्यात उतरून बघायचं नाही. रस्त्यांची खबर फर्नेस क्रीकच्या माहिती केंद्रात मिळते. फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, म्हणून तिथून निघतानाच विचारून घे.

आणि पायरी आत घेतलीस का, ते निघण्याआधी खाली उतरून बघ.