परागंदा की फरार? आणि प्रत्यार्पणातला जास्तीचा काना

प्रश्न असा आलाय : मुलीने शाळेच्या निबंधात "बँकांचं कर्ज बुडवून परागंदा झालेले उद्योगपती" असं लिहिलं, बाईंनी लाल पेनाने परागंदा खोडून वर फरार लिहिलं, तर दोन्हीत फरक काय? शिवाय मुलगी विचारते की ही माणसं परदेशातच का पळतात, आपला देश एवढा मोठा आहे तर इथेच का नाही लपत. आणि पळालेला आरोपी एका देशाने दुसऱ्याच्या ताब्यात देणं, ते प्रत्यार्पण बरोबर की प्रत्यर्पण?

ताई, मी बाईंच्या बाजूने आहे, पण मुलीचं पूर्ण चूक असंही नाही.

फरार मूळचा अरबी. फिरार म्हणजे पळून जाणं, फारसीतून तो आपल्याकडे आला. म्हणजे मुळात ते पळण्याच्या क्रियेचं नाव आणि जो पळाला तो फरारी, म्हणून "फरारी आरोपी" हे जास्त नेटकं. पण आता फरार हेच विशेषण म्हणून इतकं रुळलंय की ते उपटून काढण्यात अर्थ नाही. परागंदा मात्र फारसी, आणि त्याचा अर्थ विखुरलेला, पांगलेला. पुष्कळांना सुरुवातीचं परा बघून तो संस्कृत वाटतो, तसा तो नाही. दुष्काळ पडला, फौजांनी मुलूख लुटला, की रयत परागंदा व्हायची, गावंच्या गावं ओस पडायची. म्हणजे त्यात माणसाने काही केलेलं नसतं, त्याच्यावर वेळ आलेली असते. हल्ली पळून गेलेल्या आरोपीलाही परागंदा म्हणतात हे खरं आहे, पण मला ते मनापासून खुपतं, कारण घरदार सोडायला लागलेल्या माणसाचा शब्द आपण विमानात बसून गेलेल्याला देऊन टाकतो.

पसार जरा वेगळा, तो त्या क्षणाचा शब्द आहे. मंगळसूत्र हिसकावून चोरटे पसार झाले असं आपण म्हणतो, पण चोर तीन वर्षांपासून पसार आहे असं कोणी म्हणत नाही, तिथे फरारच लागतो. पोबारा हा सोंगट्यांच्या खेळातला, फाशांचं दान. आणि पोलिसांच्या कागदात अजून एक असतो, "पाहिजे आरोपी", म्हणजे नाव गुन्ह्यात आहे पण अजून हाताला लागलेला नाही. त्याला कोर्टाने फरारी जाहीर करणं ही पुढची पायरी. वॉरंट बजावता येत नाही असं दिसलं की कोर्ट जाहीरनामा काढतं (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ८२, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ८४), तो माणूस राहत होता त्या गावात ठळक जागी मोठ्याने वाचतात, त्याच्या घरावर चिकटवतात, हजर व्हायला कमीत कमी ३० दिवस देतात. तरी आला नाही तर मालमत्तेवर जप्ती.

आता परदेशातच का. ह्याचं उत्तर एका शब्दात आहे, हद्द. माझा मोबाईल एकदा स्टेशनच्या पुलावर चोरीला गेला तेव्हा एका चौकीने सांगितलं पुलाची ही बाजू आमच्या हद्दीत नाही, दुसऱ्या चौकीने सांगितलं ती बाजू आमच्या हद्दीत नाही, आणि मी पावसात दोन्हीकडे खेपा घालत होतो, तेव्हा हा शब्द मला नीट कळला. पण देशाच्या आत हद्दीची अडचण शेवटी सुटते, कारण मुंबईच्या कोर्टाचं वॉरंट कोलकात्यातही चालतं, तिथे लपलेल्याला आज ना उद्या उचलून आणता येतं. सरहद्द ओलांडली की तेच वॉरंट नुसता कागद होतो. मग सरकारला दुसऱ्या सरकारकडे माणूस मागावा लागतो, आणि तिथलं कोर्ट आपल्या पद्धतीने बघणार, की हा गुन्हा आमच्याकडेही गुन्हा आहे का, मामला राजकीय तर नाही, फाशी तर देणार नाही ना, तुमचे तुरुंग कसे आहेत. आरोपीला वकील, अपील, सगळं मिळतं. पळणारा निर्दोष सुटायला पळतोच असं नाही, तो वर्षं विकत घेतो.

बँकांचं कर्ज बुडवल्याचा आरोप असलेल्या विजय मल्ल्याचं बघा. २ मार्च २०१६ला तो देशाबाहेर गेला. लंडनच्या कोर्टाने आर्थर रोड जेलच्या १२ नंबरच्या बराकीचा व्हिडिओ मागवून घेतला, खिडकी किती, उजेड किती हे बघायला. डिसेंबर २०१८मध्ये त्याला भारतात पाठवायला हरकत नाही असा निकाल दिला, २०२०मध्ये अपील फेटाळलं गेलं, आणि त्यानंतरची पाच वर्षंही तो तिथेच होता. मधे २०१८मध्ये आपल्याकडे फरारी आर्थिक गुन्हेगार कायदा आला, १०० कोटी किंवा जास्तीच्या प्रकरणांसाठी, आणि जानेवारी २०१९मध्ये मुंबईच्या विशेष कोर्टाने त्याखाली पहिलं नाव जाहीर केलं ते त्याचंच. मुंबई बॉम्बस्फोटांतल्या अबू सालेमला पोर्तुगालने २००५मध्ये दिलं ते सुद्धा फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही असा शब्द घेऊन.

मुलीला हद्दीची ताकद समजावायची तर सावरकरांची फ्रान्सच्या मार्सेय बंदरातली उडी सांगा. इंग्लंडमधून त्यांना मुंबईला आणत होते ते १८८१च्या फरारी गुन्हेगारांच्या कायद्याखाली, कारण साम्राज्याच्या आतच न्यायचं तर दुसऱ्या देशाकडे मागणी करायचा प्रश्नच नव्हता. ८ जुलै १९१०ला मोरिया बोटीतून त्यांनी उडी मारली, पोहत धक्का गाठला, आणि पाय फ्रेंच जमिनीवर टेकले त्या क्षणी ब्रिटिश पहारेकऱ्यांची हद्द संपलेली होती. पण फ्रेंच पोलिसाने धरून त्यांना परत बोटीवर दिलं. पुढे फ्रान्सने त्यांना परत मागितलं, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं, आणि २४ फेब्रुवारी १९११ला निकाल आला की ताब्यात देणं नियमाला धरून नव्हतं, तरी परत करायला ब्रिटन बांधील नाही. ब्रिटिशांच्या कागदात फरारी कोण होता हे मुलीला नक्की सांगा, म्हणजे फरार हा शब्द कोण कोणाला लावतंय हेही ती बघायला लागेल.

राहिला काना. प्रति + अर्पण, इ आणि अ मिळून य, म्हणून प्रत्यर्पण. प्रति + एक प्रत्येक, प्रति + अक्ष प्रत्यक्ष, तसंच हे. सम् + अर्पण समर्पण होतं, समार्पण कोणी लिहीत नाही. मला वाटतं प्रत्यारोपामुळे हा घोळ झाला असावा, पण तिथे मूळ शब्दच आरोप आहे, त्याचा आ त्याचा स्वतःचा. पेपरात, टीव्हीवर प्रत्यार्पण सर्रास दिसतं म्हणून मुलीच्या हातूनही तेच लिहिलं गेलं असेल, तर तेवढा काना काढायला सांगा, आणि बाईंच्या नजरेतून सुटला असेल तर त्यांनाही दाखवा.